शेजारच्या खोलीतली चित्रं

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी जण असा असतो, जो सहा वाजले की कट्ट्यावरून उठतो. चहा अर्धा टाकून. सिनेमाचं ठरलं की 'बघतो, सांगतो' म्हणतो आणि सांगत नाही. ट्रिपचे पैसे वेळेत भरतो आणि आदल्या रात्री मेसेज टाकतो, 'घरी जरा प्रॉब्लेम आहे.' तुम्ही पहिल्यांदा विचारता, काय झालं रे? दुसऱ्यांदाही विचारता. तिसऱ्या ट्रिपला त्याला विचारायचंच विसरून जाता.

किंवा मग तो जण तुम्हीच असता.

आमच्या ग्रुपमध्ये ती मी होते. अकरावीपासून थेट टीवायपर्यंत. माझा मामा आमच्याकडे राहतो आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हे वाक्य असं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. त्याआधी घरात त्याच्यासाठी वेगळे शब्द होते. 'त्याला बरं नसतं.' 'जरा हळवा आहे.' 'त्याचं तसंच आहे.' आजी होती तोवर तो गावी मागच्या खोलीत राहायचा. आजी गेली आणि आई त्याला घेऊन आली. टू बीएचकेमध्ये मागची खोली नसते, त्यामुळे माझी खोली त्याची झाली आणि मी हॉलमध्ये आले.

मामाबद्दल सगळे विचारायचे. औषधं घेतो ना? झोपतो ना? माझ्याबद्दल कोणी विचारत नव्हतं आणि मलाही ते बरोबरच वाटायचं. आजारी तो होता, मी नव्हते.

मग एका सबमिशनच्या आठवड्यात, टाइमपास म्हणून, मी लायब्ररीतून एक जाडजूड काळं-पांढरं कॉमिक उचललं. डेव्हिड बी. या फ्रेंच चित्रकाराचं 'एपिलेप्टिक'. कॉमिक म्हणजे तासाभरात संपेल असं वाटलं होतं. पहिल्याच पानावर अडकले.

१९९४ साल. लेखक आईवडिलांच्या घरी बाथरूममध्ये आहे. दार उघडून एक माणूस आत येतो. औषधांनी सुजलेलं शरीर, पुन्हा पुन्हा पडून झालेल्या जखमांचे व्रण. हा कोण, हे लेखकाला क्षणभर कळत नाही. तो त्याचा सख्खा मोठा भाऊ असतो. बस, एवढंच. कोणी रडत नाही, कोणी काही समजावून सांगत नाही. दोघं बाथरूममध्ये उभे.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो. एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार, आकडी किंवा फेफरं, हा मेंदूशी संबंधित आजार आहे, मनोविकार नाही. (आणि आकडी आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवायची नसते. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काही कोंबायचं नाही.) तरीही हे पुस्तक या लेखात आहे, कारण अशा आजाराच्या शेजारच्या खोलीत काय होतं, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

गोष्ट आहे साठच्या दशकातली, फ्रान्समधल्या ओर्लेआँ शहरातली. आईवडील चित्रकलेचे शिक्षक. तीन मुलं. थोरल्या जाँ-क्रिस्तोफला झटके यायला लागतात आणि घराची दिशाच बदलते. डॉक्टर ऑपरेशनचं बोलतात, आईवडील घाबरतात आणि दुसरे रस्ते शोधू लागतात. मॅक्रोबायोटिक आहार सुरू होतो. त्याने काही महिने झटके थांबतातही, आणि तेच जास्त वाईट, कारण आशा लागते. मग कम्युनमध्ये राहणं, अॅक्युपंक्चर, मृतात्म्यांशी बोलणारे लोक, किमयागार. प्रत्येक ठिकाणी सगळं कुटुंब जातं. एक भाऊ आजारी, पण पथ्याचं जेवण तिघांच्याही ताटात.

हे वाचताना मला फ्रान्स आठवलंच नाही. आजीने मामासाठी केलेले सोमवार, पौर्णिमेच्या वाऱ्या, कुठल्याशा गावाहून आणलेला अंगारा, मामाच्या मनगटावरचे तीन रंगांचे तीन दोरे आठवले. आजी अडाणी नव्हती. डेव्हिड बी.चे आईवडीलही शिकलेलेच होते. दुसरं काही सुचत नाही तेव्हा माणूस पुढच्या दारावर टकटक करतो. पुस्तक त्या आईवडिलांना हसत नाही, ही त्याची मोठी गोष्ट आहे. बाबाबुवांवर मात्र ते चांगलंच चिडलेलं आहे.

आता चित्रांकडे या. आजार कसा दिसतो? एमआरआयमध्ये दिसतो तसा नाही, घरात दिसतो तसा. डेव्हिड बी. तो एका लांबलचक, नक्षीदार, ड्रॅगनसारख्या प्राण्याच्या रूपात काढतो. तो भावाच्या शरीराभोवती वेटोळे घालतो, त्याच्यातून आरपार जातो, कधी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या मध्ये बसलेला असतो. मूळ फ्रेंच नावात एका उंच चढणीचा उल्लेख आहे, त्यामुळे डोंगरही येतो. सगळं कुटुंब तो चढतंय आणि माथा येतच नाही.

हे कादंबरीत लिहिलं असतं तर? 'आजार एखाद्या अजगरासारखा घराला विळखा घालून बसला होता.' आपण हे वाक्य शंभर वेळा वाचलंय. डोळे त्यावरून घसरून जातात. चित्रात तो प्राणी प्रत्येक पानावर दिसतो. कंटाळा आला तरी दिसतो. घरात राहणाऱ्याचा अनुभव नेमका हाच असतो.

आणि इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. प्राणी हा भाऊ नाही. प्राणी वेगळा आणि भाऊ वेगळा काढलाय. सिनेमात आणि वेबसिरीजमध्ये मनोविकार असलेला माणूसच राक्षस होतो. लाल डोळे, अंधारी खोली, मागे व्हायोलिन. चांगल्या ग्राफिक नॉव्हेलमध्ये त्या दोघांच्या मध्ये एक रेघ असते. पुस्तक उचलाल तेव्हा ही रेघ आहे का, ते आधी बघा.

धाकट्या भावाचं काय होतं? तो चित्रं काढतो. चंगीझखानाच्या लढाया, पानंच्या पानं. घोडे, भाले, चिलखतं. घरात जे हरतोय ते कागदावर लढतो. त्याला भावाची दया येते, मग त्याच भावाचा भयंकर राग येतो, मग आपल्यालाही हा आजार होईल का याची भीती वाटते. ही तिन्ही चित्रं शेजारी शेजारी आहेत आणि तो त्यातल्या कशाचीही माफी मागत नाही. आईला काही कौटुंबिक गोष्टी पुस्तकात यायला नको आहेत. तो वादसुद्धा पुस्तकातच येतो. ही गोष्ट सांगायचा हक्क कोणाचा? आजारी भावाचा, आईचा, की हातात पेन्सिल असलेल्याचा? उत्तर मिळत नाही. पुस्तक १९९६ ते २००३ या काळात सहा भागांत आलं. म्हणजे तो वर्षानुवर्षं या प्रश्नाशी बसून होता.

मी ते पुस्तक दोनदा रिन्यू केलं.

त्यानंतर 'माउस' हाती आलं. आर्ट स्पीगलमनचं हे पुस्तक बहुतेकांना हॉलोकॉस्टचं पुस्तक म्हणून माहीत असतं. ज्यू उंदीर, नाझी मांजरं, १९९२ चं पुलित्झर वगैरे. पण पहिल्या भागाच्या मध्यावर चार पानं अशी आहेत, जिथे उंदीर गायब होतात आणि माणसं येतात. ती त्याने आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली एक वेगळी कॉमिक आहे. लाकडावर कोरल्यासारखी काळी, टोकदार चित्रं. १९६८ मध्ये त्याच्या आईने आत्महत्या केली. तो विशीत होता आणि स्वतःच काही महिन्यांपूर्वी मनोरुग्णालयातून घरी आलेला होता. त्या चार पानांत त्याने स्वतःला कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत काढलंय.

शेवटच्या पानाकडे येताना एक रात्र आहे. आई त्याच्या खोलीत येते आणि विचारते, तुझं माझ्यावर प्रेम आहे ना? तो वैतागलेला असतो. तोंड फिरवतो, तुटक उत्तर देतो. ती दार लावून जाते. आई-मुलाची ती शेवटची भेट. पुढच्या चौकटींत तो गुन्हेगार आहे आणि आईवर ओरडतोही आहे, की तूच मला यात अडकवलंस. एकाच पानावर दोन्ही.

हे मला वाचवेना. त्याचं कारण सांगते.

बारावीच्या प्रिलिमच्या आधीची गोष्ट. मामा रात्री ट्रान्झिस्टर लावायचा. आवाज अगदी बारीक, पण रात्रभर. त्याला ऐकू येणारे आवाज त्याने दबतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की उद्या पेपर आहे आणि ही माझी खोली होती. स्वयंपाकघरात जाऊन मी आईला म्हणाले, "याला परत का नाही पाठवत? तिकडे तरी कोणाला त्रास नव्हता." वळले तर तो पाण्याची बाटली घेऊन दारात उभा होता. काही बोलला नाही. बाटली भरली आणि गेला. त्या रात्री ट्रान्झिस्टर लागला नाही. पुढचे कितीतरी दिवस लागला नाही.

तुमच्याही घरात असं एक वाक्य असेल, जे तुम्ही बोलून बसलाय. ते कोणाला सांगता येत नाही, कारण ऐकणारा एक तर 'अगं, होतं असं' म्हणणार किंवा तोंड वाकडं करणार. स्पीगलमनने ते काढून छापलं. पुढे ती चार पानं त्याच्या म्हाताऱ्या वडिलांच्या हाती पडतात आणि तो प्रसंगही 'माउस'मध्ये आहे. वडील चिडत नाहीत. वाचून रडलो म्हणतात, पण तुझ्या आत साचलेलं बाहेर पडलं हे बरं झालं, असंही म्हणतात. ते वडील कसे होते हे पुस्तकभर वाचल्यावर (चिकट, हट्टी, सुनेला नकोसे) त्यांच्या तोंडून हे ऐकणं फार वेगळं वाटतं. लग्नानंतर पहिल्या बाळंतपणाने बायको खचली, तेव्हा तिला सॅनिटोरियममध्ये नेऊन महिनोन्‌महिने तिच्याबरोबर राहिलेला माणूस तोच. आणि ती गेल्यावर तिच्या डायऱ्या जाळून टाकणाराही तोच.

पुण्यातल्या मानसिक आरोग्याच्या स्वमदत गटांत दोन सुंदर शब्द वापरतात. आजार असलेला तो 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणारा तो 'शुभंकर'. पेशंट आणि केअरगिव्हरपेक्षा कितीतरी बरे. फक्त मला वाटतं, 'शुभंकर' म्हटलं की आपण एकदम देवघरातल्या फोटोसारखे होतो. ही पुस्तकं शुभंकरांना फोटोतून खाली उतरवतात. ते कंटाळतात, चिडतात, खोटं बोलतात, स्वतःचा वाढदिवस विसरतात.

मग शुभार्थीने स्वतः काढलेली चित्रं? ती आहेत आणि ती वाचायलाच हवीत, नाहीतर सगळी गोष्ट एकाच खोलीतून दिसते. एलन फॉर्नी ही सिअॅटलची चित्रकार. तिशी गाठायच्या जरा आधी तिला बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालं. 'मार्बल्स' (२०१२) हे तिचं पुस्तक. त्यात मॅनियाची पानं गच्च भरलेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली. आणि डिप्रेशनच्या एका पानावर शब्दच नाहीत. पलंगावर पांघरुणाचा एक ढीग. तो ढीग हळूहळू उठतो, सोफ्यापर्यंत जातो, पुन्हा ढीग होतो. दिवस संपला. 'उठ, जरा बाहेर जाऊन ये, बरं वाटेल' असं आपण ज्या सहजतेने सांगतो, त्या सगळ्या सल्ल्यांना ते एक पान पुरेसं आहे. लिथियम घेतलं तर माझी कला मरेल का, ही तिची भीतीही पुस्तकात नीट येते. आर्टवाल्यांनो, 'वेडाशिवाय कला नाही' हे वाक्य कट्ट्यावर फेकण्याआधी हे पुस्तक वाचा.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते मात्र कॅनडातल्या कॅलगरीच्या दोन भावांचं 'बिटर मेडिसिन' (२०१०). मार्टिनी कुटुंबात चार भाऊ. १९७६ मध्ये सगळ्यात धाकट्या बेनला स्किझोफ्रेनिया झाला आणि त्याने आयुष्य संपवलं. दहाएक वर्षांनी दुसऱ्या भावाला, ऑलिव्हिएला, तेच निदान झालं. पुस्तकाचे शब्द क्लेमचे आहेत. तो नाटककार. आणि चित्रं ऑलिव्हिएची. म्हणजे शुभंकर लिहितोय आणि त्याच पानावर शुभार्थी रेखाटतोय. शब्द इस्पितळांवर आणि सरकारी व्यवस्थेवर संतापतात. चित्रं साधी, जवळजवळ अबोल. दोघांचं म्हणणं दरवेळी जुळत नाही आणि जुळवायचा प्रयत्नही नाही. पुढे २०१७ मध्ये त्यांचं 'द अनरॅव्हलिंग' आलं. त्यात म्हाताऱ्या आईची स्मृती जायला लागते आणि तिच्यासोबत राहून तिचं सगळं बघणारा असतो ऑलिव्हिए. आपण ज्याला कायमचा पेशंट ठरवलेलं असतं, तो.

कॅलगरीचा आणि आपला एक धागा आहे. 'देवराई' हा २००४ चा मराठी सिनेमा तुम्ही पाहिला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाचा आणि त्याला आपल्या संसारात घेऊन येणाऱ्या बहिणीचा. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. त्याच्या निर्मितीमागे होते डॉ. जगन्नाथ वाणी, जे कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू करणारेही तेच. माझ्या आईने 'देवराई' टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिलाय. सलग बघायला ती अजून तयार नाही.

आपल्या जवळची आणखी दोन नावं सांगते. अमृता पाटीलची 'कारी' (२००८) ही मुंबईत घडणारी ग्राफिक नॉव्हेल. ती सुरूच होते दोन मुलींच्या आत्महत्येच्या प्रयत्नाने. दोघी वाचतात. एक शहर सोडून जाते, दुसरी परत त्याच फ्लॅटवर, त्याच रूममेट्समध्ये येऊन अॅड एजन्सीत कामाला जाते. पीजीत राहणाऱ्या प्रत्येकाने ही वाचावी. एका बाथरूमसाठी भांडणाऱ्या मुलींना एकमेकींबद्दल किती कमी माहीत असतं, ते बघायला. दुसरं जेरी पिंटोचं 'एम अँड द बिग हूम'. ते कॉमिक नाही, कादंबरी आहे. माहीमचा छोटा फ्लॅट, बायपोलर आई आणि तिच्याभोवती जगणारी तीन माणसं. शांता गोखल्यांनी त्याचा मराठी अनुवाद केलाय, 'एम आणि हूमराव'. चित्रं नसली तरी हे त्याच घरचं पुस्तक आहे. हसताना घशात काहीतरी अडकतं.

कॉमिकच्या दोन चौकटींमध्ये एक पांढरी पट्टी असते. स्कॉट मॅक्लाउड नावाच्या कॉमिक्सवाल्याने १९९३ मध्ये 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे कॉमिक्सबद्दलचंच एक कॉमिक लिहिलं. त्यात तो म्हणतो की खरी गोष्ट त्या पट्टीत घडते, आणि ती वाचणारा घडवतो. एका चौकटीत दार उघडं, पुढच्या चौकटीत बंद. मधे काय झालं ते तुम्ही भरता. आजारी माणसाच्या घरात राहणारे सगळे यात एक्स्पर्ट असतात. मामाच्या खोलीचं दार कसं लागलं यावरून आजचा दिवस कसा जाणार हे मला कळायचं. बहुधा म्हणूनच ही पुस्तकं मला शिकायला लागली नाहीत. वाचता येतच होती.

एक तक्रार मात्र आहे. ही पुस्तकं महाग आहेत. विद्यार्थ्याच्या खिशाला एकेक पुस्तक जड जातं. लायब्ररीत मागणी नोंदवा, चार जणांनी मिळून एक घ्या, एकमेकांना द्या. आणि हो, दोन कॉमिक्स वाचून रूममेटला 'तू बायपोलर आहेस' असं सांगायला जाऊ नका. ते काम डॉक्टरांचं. घरात किंवा स्वतःच्या मनात काही सहन होण्यापलीकडे गेलं असेल, जगणं नको असं वाटत असेल, तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आजारी माणसाच्या घरच्यांनीही तिथे स्वतःसाठी फोन करायला हरकत नाही. मी केला होता. पहिल्यांदा दोन मिनिटांत ठेवून दिला. दुसऱ्यांदा बोलले.

मी चित्रकार नाही. तरी मागच्या दिवाळीत, पाहुणे गेल्यावर, मामाला खिडकीशी ट्रान्झिस्टर घेऊन बसलेलं काढायचा प्रयत्न केला. चार चौकटी. तिसऱ्या चौकटीत दारात मी, माझं ते वाक्य म्हणताना. दाखवू की नको यात आठवडा गेला. मग दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "माझा चष्मा असा नाहीये." पेन मागून घेतलं, चष्मा नीट केला, कागद परत दिला. वाक्याबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही. तो कागद आता फ्रिजवर आहे, गॅसच्या नंबराशेजारी.

नोकरी लागल्यावर 'एपिलेप्टिक' मी विकत घेतलं. ती प्रत सध्या माझ्याकडे नाही. ऑफिसमध्ये एक मुलगी आहे, रोज सहाच्या ठोक्याला निघणारी. एकदा तिच्या फोनवरचं बोलणं कानावर पडलं, "त्याने औषध घेतलं का?" दुसऱ्या दिवशी मी पुस्तक तिच्या टेबलावर ठेवलं. पाच महिने झाले. तिने त्याबद्दल काही म्हटलेलं नाही आणि मी परत मागितलेलं नाही. परवा मात्र डबा खाताना तिने विचारलं, "तुमच्याकडे कोण आहे?"

मी म्हटलं, "मामा."

"आमच्याकडे भाऊ," ती म्हणाली आणि लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली.